‘असल्यास’ : रेडिओच्या परवान्याचं प्रकरण

आजोबांच्या ट्रंकेत रेशनकार्ड, सातबारे आणि विम्याच्या पावत्यांच्या गठ्ठ्यात एक लहानशी पुस्तिका निघाली. पासपोर्टाएवढी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. आत आजोबांचं नाव, गाव, सेट कुठल्या बनावटीचा त्याची नोंद, आणि पुढच्या पानांवर ओळीनं चिकटवलेली तिकिटं. पाकिटाला लावतो तसलीच, पण रेडिओच्या परवान्याची. प्रत्येकावर आमच्या पोस्टाचा गोल शिक्का, अर्धा तिकिटावर आणि अर्धा कागदावर. वर्षाला पंधरा रुपये. पुतण्याला दाखवली तर तो म्हणाला, “रेडिओ ऐकायला लायसन? गाडीसारखं?” अगदी गाडीसारखं. उशीर झाला तर वर दंड, आणि नसलंच तर सेट उचलून न्यायचा अधिकार.

टीव्ही बघणाऱ्या घरांकडून घेतली जाणारी बीबीसीची फी ठेवावी की काढावी हा वाद इंग्लंडात वर्षानुवर्षं चालू आहे. आपल्याकडे तो वाचताना जणू परक्या घरचं भांडण ऐकतोय असं वाटतं. पण १९२७ पासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे साडेपाच दशकांहून जास्त काळ, भारतात हीच पद्धत होती. ती कधी बंद झाली हेही लोकांना धड आठवत नाही. एवढी मोठी सक्तीची वसुली थांबली आणि कुणी ना हळहळलं ना जल्लोष केला, असं का झालं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

मुंबई, जुलै १९२७

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते मुंबईचं केंद्र सुरू झालं, पुढच्या महिन्यात कलकत्त्याचं. चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खाजगी होती. गंमत अशी की त्याच वर्षाच्या पहिल्या तारखेला लंडनची बीबीसी खाजगी कंपनीची सार्वजनिक संस्था झाली होती. तिथे जी वाट सोडली, त्याच वाटेवर इथे पहिलं पाऊल पडलं.

कंपनीचं उत्पन्न दोन ठिकाणांहून यायचं होतं. एक, दर सेटमागे वर्षाला दहा रुपयांचा परवाना, त्यातले आठ कंपनीला आणि दोन सरकारला. दुसरं, वायरलेसच्या आयात मालाच्या किमतीवर दहा टक्के. हातात आलेलं भांडवल सहा लाख, त्यातले साडेचार लाख दोन केंद्रं उभी करण्यातच गेले. दीड-दीड किलोवॅटचे प्रक्षेपक, त्यांचा धड आवाज तीसेक मैलांपर्यंत. म्हणजे ठाण्या-कल्याणच्या थोडं पुढे गेलं की खरखर.

आता हिशेब मांडू. १९२९ च्या अखेरीस परवाने होते पावणेआठ हजारांच्या आसपास. आठ रुपयांप्रमाणे वर्षाचे झाले बासष्ट हजार. खर्च सुरुवातीला महिन्याला तेहतीस हजार होता, कापून कापून चोवीस हजारांवर आणला, तरी वर्षाचे झाले दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. फीमधून खर्चाचा चौथा हिस्साही निघत नव्हता, आणि आयातीवरचा वाटा ते खिंडार बुजवण्याएवढा नव्हता. १ मार्च १९३० ला कंपनी दिवाळखोरीत गेली.

चूक कुठे झाली? सेट महाग होते, इलाका तोकडा होता, कार्यक्रम मूठभर इंग्रज आणि शहरी सुशिक्षितांसाठी होते, हे सगळं खरं. पण फीच्या बाबतीत खरी गोम अशी की फुकट ऐकणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं. हवेतून येणारा आवाज कुणाच्या घरात शिरतो हे कंपनीला कळायला मार्ग नाही, आणि बिनपरवान्याचा सेट हुडकून काढायची यंत्रणा तिच्याकडे नव्हती. दुकानदार सेट विकून मोकळा. कर लावायचा अधिकार सरकारचा, वसुली सरकारची आणि तोटा मात्र कंपनीचा, अशी ती वाटणी होती.

१ एप्रिल १९३० ला सरकारनं केंद्रं ताब्यात घेतली. मंदीचे दिवस. ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारनंही हात टेकले आणि प्रसारण बंद करायचं ठरवलं. त्यावर, विशेषतः बंगालमधून, इतकी ओरड झाली की नोव्हेंबरमध्ये निर्णय फिरवावा लागला. पैसे उभे करायला सेटवरची आयात जकात पंचवीसची पन्नास टक्के केली. १९३२ च्या अखेरीस बीबीसीची लघुलहरींवरची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली, घरची खबर ऐकायला इथल्या गोऱ्या साहेबांनी सेट घेतले आणि परवाने वाढले. लंडनच्या केंद्रानं मुंबईचा गल्ला भरला, असं म्हणायला हरकत नाही.

मग आला १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा, १ जानेवारी १९३४ पासून लागू. यानं परवान्याशिवाय सेट नुसता जवळ बाळगणं हाच गुन्हा झाला. पहिल्यांदा सापडलात तर शंभर रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर अडीचशेपर्यंत. त्या काळी शंभर रुपये म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं.

पैसे जातात कुठे?

इथे या प्रकरणाचा सांधा बदलतो, आणि तो कुणाच्या फारसा लक्षात आला नाही. कंपनी होती तोवर दहातले आठ रुपये थेट रेडिओ चालवणाऱ्याकडे जात होते. सरकार मालक झाल्यावर श्रोत्याचे पैसे टपाल खात्यामार्फत सरकारी तिजोरीत जाऊ लागले, आणि रेडिओला किती द्यायचे ते अर्थसंकल्पात वेगळं ठरू लागलं. १९३६ च्या जूनमध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आलं, १९४७ मध्ये झेंडा बदलला, पण ही व्यवस्था जशीच्या तशी राहिली. फी होती, पण ती रेडिओची नव्हती. सेट बाळगल्याचा कर म्हणा, हवं तर.

इंग्लंडात फी बीबीसीच गोळा करते, तिची रक्कम सरकार ठरवतं, पण तिच्यामागे राजाची सनद आहे आणि पैसे बीबीसीसाठी आहेत हे भरणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून तिथला माणूस टीव्हीपुढे बसून चिडून म्हणतो, “माझ्या पैशांनी हे दाखवता?” आमच्या गावात पोस्टात पंधरा रुपये भरून आलेल्या कुणाच्या तोंडी असलं वाक्य आलं असेल असं मला वाटत नाही. पोस्टात पैसे भरले, सरकारदरबारी जमा झाले, विषय संपला.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात सहा केंद्रं होती आणि परवाने पावणेतीन लाखांच्या घरात. १९४८ मध्ये नागपूर आलं, १९५३ मध्ये पुणे.

डायल फिरवणं

१९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी खातं बा. वि. केसकरांकडे आलं. पुण्याचे, अभ्यासू, शास्त्रीय संगीताचे कैवारी. दहा वर्षं ते त्या खुर्चीवर होते. आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला त्यांच्या काळात जी जागा मिळाली, तिचे ऋण मान्य केलेच पाहिजेत. गावोगावच्या गवयांना दरमहा रेडिओचा चेक मिळू लागला, संस्थानं गेल्यावर पोरके झालेले कलावंत तगले. बाजारावर सोडलं असतं तर हे झालं नसतं.

पण केसकरांनी हिंदी सिनेमाची गाणीही जवळजवळ हद्दपार केली. श्रोत्यानं काय केलं? तक्रार केली नाही, परवाना भरायचा थांबला नाही. डायल फिरवली. दुसऱ्या महायुद्धातले दणकट प्रक्षेपक हाताशी असलेल्या रेडिओ सिलोननं मुंबईच्या जाहिरातदारांचे पैसे घेऊन हिंदी गाण्यांचे कार्यक्रम सुरू केले. बुधवारी रात्री आठ वाजता गल्लीतल्या घराघरांतून एकच आवाज यायचा, टूथपेस्टवाल्या ‘बिनाका गीतमाले’चा, हे आमच्या आधीच्या पिढीतल्या कुणालाही विचारा. टूथपेस्ट मुंबईची, गाणी मुंबईची, ऐकणारा मुंबई-नाशिक-नागपूरचा, आणि आवाज येतोय कोलंबोहून. परवान्याचे पैसे मात्र दिल्लीला.

आकाशवाणीनं उत्तर म्हणून ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढली. मला या प्रकरणात सगळ्यात बोलकी वाटते ती हीच मधली पाच वर्षं. पैसे भरणाऱ्याच्या हाती एकच मत होतं, ते म्हणजे रेडिओची गोल खुंटी. ते त्यानं वापरलं, आणि ते दिल्लीला ऐकू जायला पाच वर्षं लागली. सरकारी कारभाराच्या मानानं हा वेग वाईट नाही, हे कबूल. पण फीमुळे तो वेग आला असं म्हणता येत नाही. फी गाणी बंद असतानाही तितकीच येत होती आणि सुरू झाल्यावरही.

त्याच काळातली दुसरी गोष्ट, जिची आठवण फार कमी लोकांना आहे. १९५६ मध्ये पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग केला. पाच मराठी जिल्ह्यांतली १५० गावं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. चावडीत किंवा शाळेत पंधरा-वीस माणसं जमायची, ऐकायची, मग त्यावर बोलायची, आणि प्रश्न पुण्याला लिहून पाठवायची. पुढच्या कार्यक्रमात उत्तरं यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा रीतसर अभ्यास केला आणि मंडळं नसलेल्या गावांपेक्षा मंडळं असलेल्या गावांत माहिती स्पष्टपणे वाढल्याचं दिसलं. कोणता जाहिरातदार खतांच्या खड्ड्यांवरच्या चर्चेला पैसे देणार होता? सार्वजनिक प्रसारणाच्या बाजूनं मला एकच पुरावा मागितलात तर मी हा देईन.

ट्रान्झिस्टर आला

साठच्या दशकात ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओ दिवाणखान्यातून बांधावर गेला. १९७० च्या आसपास परवान्यांनी कोटीचा आकडा ओलांडला. बिनपरवान्याचे किती असतील, त्याचा अंदाज आपला आपण करावा. आमच्याकडे घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी : रेडिओ तपासायला साहेब आलाय अशी वर्दी वेशीवर आली की निम्मी आळी गप्प व्हायची. थोरल्या काकूंनी एकदा चालू ट्रान्झिस्टर ज्वारीच्या कणगीत पुरला, बंद करायचं घाईत राहून गेलं, आणि साहेब ओसरीवर चहा पीत असताना कणगीतून सांगलीचा बाजारभाव ऐकू यायला लागला. साहेबानं चहा संपवला आणि निघून गेला. त्यानं ऐकलं नाही की ऐकून सोडलं, यावर घरात आजही दोन पक्ष आहेत.

किस्सा सोडा, पण मुद्दा गंभीर आहे. पंधरा रुपये सगळ्यांना सारखेच. गिरणीमालकाला पंधरा आणि शेतमजुरालाही पंधरा, त्याच्या कित्येक दिवसांची मजुरी. इंग्लंडातही हाच आक्षेप आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिथली फी १७४.५० पौंड झाली, महालात राहणाऱ्यालाही आणि एका खोलीत राहणाऱ्या एकट्या आईलाही तेवढीच. फी बुडवल्याच्या खटल्यांत बायकांचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर गेलेलं आहे, कारण तपासनीस येतो तेव्हा दार उघडायला त्याच घरी असतात. सक्तीच्या सपाट फीचं हे दुखणं जुनं आहे. जर्मनीनं २०१३ पासून सेटऐवजी घरटी वर्गणी लावून तपासनीस काढून टाकला, फिनलंडनं त्याच वर्षी उत्पन्नाच्या प्रमाणात कर बसवला, आणि फ्रान्सनं २०२२ मध्ये १३८ युरोंची फीच रद्द केली. दारावरचा साहेब कुणालाच परवडत नाही असं दिसतं.

इकडे पैशाचा दुसरा झरा आधीच सुरू झाला होता. आकाशवाणीचा कारभार तपासायला नेमलेल्या चंदा समितीच्या शिफारशीनंतर १ नोव्हेंबर १९६७ ला मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे महाराष्ट्रातला श्रोता देशात पहिल्यांदा परवान्याचे पैसेही देऊ लागला आणि साबणाच्या जाहिरातीही ऐकू लागला. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन आलं, टीव्हीचा परवाना पन्नास रुपयांचा. १ जानेवारी १९७६ पासून तिथेही जाहिराती.

तारीख पाहा. जानेवारी १९७६, ऐन आणीबाणी. बातम्यांत काय सांगायचं ते मंत्रालयात ठरत होतं. किशोरकुमारनं सरकारी कार्यक्रमाला गायचं नाकारलं म्हणून त्याची गाणी आकाशवाणीवरून बंद झाली. लोक ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणू लागले. आणि त्याही वर्षी आजोबांच्या पुस्तिकेत पंधरा रुपयांचं तिकीट आहे, शिक्का स्वच्छ उमटलेला. फी भरणारा कोटींच्या संख्येत होता, पण त्याचा एकही प्रतिनिधी त्या यंत्रणेत कुठेच बसत नव्हता. फी असली की प्रसारण सरकारपासून मोकळं राहतं, असं जे सांगतात त्यांनी हे एक वर्ष डोळ्यांखालून घालावं.

जनता सरकारनं ऑगस्ट १९७७ मध्ये बी. जी. वर्गीस यांची समिती नेमली. तिनं पुढच्या वर्षी ‘आकाश भारती’ नावाच्या स्वायत्त न्यासाचा आराखडा दिला. विधेयक आलं, सरकार पडलं, विधेयकही गेलं.

शांतपणे बंद

१९८४ मध्ये दूरदर्शनचे प्रक्षेपक जवळपास रोज एक या गतीनं बसत होते आणि जुलैपासून प्रायोजित मालिकांचा जमाना सुरू झाला होता. पंधरा-पंधरा रुपये कोटभर घरांतून वेचायचे, त्यासाठी पुस्तिका, तिकिटं, शिक्के, तपासनीस, आणि तेही तिजोरीतल्या महासागरात एक घागर. आधी स्वस्त, एक-दोन बँडच्या सेटना माफी मिळाली, मग १९८४-८५ च्या सुमारास सगळाच परवाना गेला.

मला वाटतं, कुणी हळहळलं नाही ते एवढ्यासाठीच. श्रोत्याच्या लेखी एक कर कमी झाला. आकाशवाणीच्या लेखी काहीच बदललं नाही, कारण तिचे पैसे आधीही अर्थसंकल्पातूनच येत होते. ज्या धाग्यानं काही बांधलेलंच नव्हतं, तो तुटल्याचं कळणार कुणाला?

नंतर १९९० मध्ये आकाशवाणी-दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारती महामंडळाचा कायदा झाला. त्याचं कलम १७ उघडून वाचण्यासारखं आहे. केंद्र सरकार महामंडळाला दरवर्षी काय देऊ शकेल, तर रेडिओ-टीव्हीच्या परवाना शुल्काचं उत्पन्न, ‘असल्यास’, वसुलीचा खर्च वजा करून, आणि त्याशिवाय सरकारला आवश्यक वाटेल ती रक्कम. परवाना बंद होऊन पाच-सहा वर्षं झाल्यावर केलेल्या कायद्यात त्याच परवान्याला जागा ठेवली आहे. जेव्हा शुल्क होतं तेव्हा ते रेडिओला द्या असं म्हणणारं कलम नव्हतं, आणि जेव्हा कलम आलं तेव्हा शुल्क उरलं नव्हतं. शिवाय तिथेही शब्द ‘देऊ शकेल’ असा आहे, ‘देईल’ असा नाही. तो कायदाही सात वर्षं कपाटात पडून होता, १९९७ मध्ये लागू झाला. त्याला ढोसणी मिळाली ती १९९५ च्या फेब्रुवारीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं. न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं त्या निकालानं बजावलं.

लहरी जनतेच्या झाल्या, पण थैली मंत्रालयातच राहिली. २०१८ च्या सुरुवातीला प्रसार भारतीच्या तत्कालीन अध्यक्षांनीच जाहीर तक्रार केली की मंत्रालयानं कर्मचाऱ्यांच्या पगाराचे पैसे अडवलेत. मंत्रालयाचं म्हणणं, करारावर सह्या केल्या नाहीत म्हणून. खरं कोणाचं ते सोडा. देशाच्या स्वायत्त प्रसारण संस्थेला पगारासाठी खात्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, हे दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात समान आहे. यंत्रसामग्रीही योजनेनं येते. जानेवारी २०२३ मध्ये मंत्रिमंडळानं त्यासाठी अडीच हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर केली. स्वतःची म्हणावी अशी मोठी कमाई आहे ती डीडी फ्री डिशवर खाजगी वाहिन्यांना जागा लिलावानं देण्याची. म्हणजे सार्वजनिक प्रसारण आपला संसार इतरांना खोल्या भाड्यानं देऊन चालवतंय.

मग सक्तीची फी परत आणावी का? माझं उत्तर नाही असंच आहे, आणि ते पैशांसाठी नाही. मोबाइलवर ऐकणाऱ्या देशात सेटवरची फी हास्यास्पद ठरेल, आणि कणगीतला ट्रान्झिस्टर शोधायला पुन्हा साहेब पाठवणं कुणालाच नको आहे. घरटी वर्गणी, विजेच्या बिलातून वसुली, हे उपाय कागदावर शक्य आहेत. पण ते पैसेही आधी तिजोरीत आणि मग ‘आवश्यक वाटेल’ तेवढे बाहेर, असंच होणार असेल तर नव्या नावानं जुनाच पंधरा रुपयांचा कर. आधी कलम १७ मधला ‘शकेल’ काढून दाखवा. पाच वर्षांसाठी बांधलेली रक्कम, ती ठरवणारी मंत्रालयाबाहेरची समिती आणि तिचा अहवाल संसदेसमोर. जर्मनीत वर्गणी किती हवी ते असाच एक तज्ज्ञ आयोग सुचवतो. २०२० मध्ये एका राज्यानं त्याची शिफारस अडवली, तेव्हा पुढच्या वर्षी घटना न्यायालयानं ती लागू केली. पैसे करातून आले की फीतून, हा प्रश्न त्यानंतरचा.

पुस्तिका घरी आणली तेव्हा शेवटची पानं चाळली. १९८३ चं तिकीट, त्यावर शिक्का, आणि पुढे रिकामे चौकोन. आता हिचा उपयोग काय म्हणून मी ती रद्दीत टाकायला काढली, तर आजीनं हातातून घेतली आणि परत रेशनकार्डाखाली ठेवली. म्हणाली, “राहू दे. सरकारी कागद आहे. उद्या कुणी विचारायला आलं तर?”